धुऊन परत आलेल्या बाटल्या

मंगळवारी दुपारी तू स्वयंपाकघरात कोसळलीस आणि बुधवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये प्राण सोडलेस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवारी तुझा देह विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने पुण्याला नेला. सोबत हेमंत आणि तुमची लेक ईरा होते. इथे कतारमध्ये आपल्या पद्धतीने दहन होत नाही. त्यामुळे आधी कागदपत्रं आणि मग विमान, असाच क्रम असतो.

बुधवारी हेमंतचा फोन आला तेव्हा मी पेपरच्या डेस्कवर होते. "नीता, शुभदा गेली," एवढंच तो म्हणाला. मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर मनात आलेला पहिला विचार तुझा नव्हता. पंधरा वर्षांच्या ईराचाही नव्हता. तुमच्या जिन्याखालच्या खोलीत सायडरच्या बाटल्या भरून ठेवलेल्या आहेत आणि त्यांचं आता काय करायचं, हा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला याचं फार वाईट वाटलं नसतं. तू म्हणाली असतीस, "बरोबर आहे. आधी त्या खोलीचा एसी चालू आहे का ते बघ."

या मजकुरातली नावं बदललेली आहेत. तुझंही. इतक्या वर्षांनंतर तुला दुसऱ्याच नावाने हाक मारणं मला जड जातं आहे, पण माझ्या व्यवसायात नाव बदलणं हा सर्वांत सोपा भाग असतो. उरलेलं तसंच ठेवते आहे.

आपली ओळख दोहातल्या अल दुहैलमधल्या आपल्या वसाहतीच्या, इथल्या भाषेत कंपाउंडच्या, कचऱ्याच्या खोलीत झाली. आदल्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याची पार्टी झाली होती. मी पिशवी टाकायला गेले, तर इस्त्रीचा कुर्ता घातलेली एक बाई पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. मी हिंदीत विचारलं, काही हरवलंय का. तू माझ्याकडे न बघता मराठीत म्हणालीस, "नाही, सापडतंय. नाशिकच्या का तुम्ही?" मी विचारलं, कसं ओळखलंत. "हिंदीवरून," तू म्हणालीस.

तुझ्या हातात द्राक्षाच्या फसफसत्या रसाची बाटली होती. समारंभांत इथे शॅम्पेनच्या जागी ठेवतात ती. तू ती ट्यूबच्या उजेडात धरलीस, तोंडावरून बोट फिरवलंस, आणि बुडाच्या खळग्यात अंगठा घालून मला दाखवलास. अख्खं पेर आत गेलं. "ही प्रेशर धरते," तू म्हणालीस. कशाचं प्रेशर, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. मला वाटलं बाई शिरका करत असेल.

इब्राहिमभाईही शिरकाच म्हणायचे. त्यांचं अल नस्रमध्ये किराणा दुकान, गाव रत्नागिरीकडचं. लग्नाच्या हॉलमधून निघालेल्या रिकाम्या बाटल्यांची खोकी ते तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. "ताई, दोन खोकी ठेवलीत. शिरक्याला पुरतील न्हवं?" ते विचारायचे. "पुरतील. शुक्रन, भाई," तू म्हणायचीस. एकदा गाडीत बसल्यावर मी तुला विचारलं, त्यांना खरंच शिरका वाटतो का. "त्यांना चांगलं माहिती आहे," तू म्हणालीस. "पण ते शिरका म्हणतात, मी शिरका म्हणते. दोघांचंही भागतं."

घरी दारू गाळणं किंवा आंबवणं इथे गुन्हा आहे. पकडलं गेलं तर हेमंतची नोकरी जाऊन तिघांची रवानगी होऊ शकत होती, हे तुला माहीत होतं आणि आम्हा पिणाऱ्यांनाही. परवाना काढून दुकानातून आणायची सोय होती. हेमंतकडे तो परवाना होताही. म्हणजे हे पिण्यासाठी नव्हतं. तू लग्नाआधी पुण्यात खाद्यपदार्थांच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होतीस. दोहात आलीस आणि हेमंतची मिसेस झालीस. काही वर्षं नोकरीचे अर्ज केलेस, मग बंद केलेस. मग सफरचंदाच्या रसाचे खोके आणलेस आणि तो आंबवून सायडर करू लागलीस.

सायडरची कृती मला कधी लक्षात राहिली नाही. बिअर तू क्वचित करायचीस, कारण माल्ट आणणं अवघड होतं. बाटल्यांचं मात्र सगळं लक्षात आहे, कारण तू बाटल्यांबद्दलच बोलायचीस. रस आंबवणं यीस्टचं काम, म्हणायचीस, बाटली निवडणं माझं. माल्टच्या बिनदारूच्या पेयाच्या तपकिरी बाटल्या दिसायला अगदी बिअरच्या, पण बहुतेकींच्या तोंडाला आटे असतात. आट्यांवर दाबायचं पत्र्याचं झाकण नीट बसत नाही आणि वायू हळूहळू निघून जातो. फर्निचरच्या दुकानात तारेच्या खटक्याच्या चौकोनी बाटल्या मिळतात, त्या मी हौसेने तुझ्यासाठी आणल्या होत्या. तू त्या परत माझ्या हातात दिल्यास. "चौकोनी बाटली कोपऱ्यात फुटते. शोभेची आहे. तेल ठेव हिच्यात." अजून तेलच आहे.

लेबलं काढायला धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी. घासणी अजिबात नाही, कारण काचेवर चरे पडले की तिथूनच ती फुटते. लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी बाद. तोंडाला टवका असेल तर बाद. आणि प्रत्येक बॅचमधली एक बाटली प्लास्टिकची, साध्या सोड्याची. "काचेला विचारता येत नाही, हिला दाबून विचारता येतं," तू म्हणायचीस. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्या तयार.

आणि तो नियम. रिकामी बाटली परत आल्याशिवाय भरलेली मिळणार नाही. परत करायची ती प्यायल्या प्यायल्या गरम पाण्याने विसळून, साबण न लावता, उपडी वाळवून. कंपाउंडमधली पाच-सहा घरं या नियमाखाली होती. समोरचे सबनीस त्यातले सगळ्यांत जुने गिऱ्हाईक, जरी तू कधी कुणाकडून काही घेतलं नाहीस. एकदा त्यांनी आणलेली बाटली तू उजेडात धरलीस.

"सबनीस, ही धुतली कधी?"

"अहो वहिनी, लगेच धुतली."

"प्यायलात गुरुवारी, धुतलीत शनिवारी. बुडाशी साय धरली आहे."

"शनिवारी म्हणजे लगेचच की. मध्ये सुट्टी होती."

"मग पुढच्या बॅचलाही सुट्टी घ्या."

सबनीस माझ्याकडे वळून म्हणाले, "एअरपोर्टवर इतकं तपासत नाहीत हो." पण पुढच्या वेळी बाटली चकचकीत आली.

आपली भांडणंही बाटल्यांवरूनच झाली. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत बिअर उजेडाने बिघडते, तपकिरीत टिकते, असं तुझं म्हणणं. मी म्हणाले, हे वाचून ठरवलेलं आहे, चवीत कळत नाही. तू तीन पेल्यांना बाहेरून फॉइल गुंडाळलंस, हेमंतला ओतायला सांगितलंस आणि पाठ फिरवून उभी राहिलीस. तू तिन्ही बरोबर सांगितलेस. मी तिन्ही चुकले. तरीही मी तुझं म्हणणं मान्य केलं नाही. एका चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं म्हणाले. तू हसलीस आणि पुन्हा करू म्हणालीस. पुन्हा केली नाही.

दुसरं भांडण ईरावरून. जिन्याखालच्या खोलीला कुलूप असायचं आणि ईराला सांगितलेलं होतं, आत साफसफाईची केमिकल्स आहेत. मी तुला म्हणायचे, मुलीला सांग. बाहेरून कळलं तर तिला जास्त लागेल.

"सांगणार आहे," तू म्हणालीस. तेव्हा आपण दोघी तुझ्या सिंकपाशी लेबलं सोलत होतो. "शिकायला बाहेर गेली की पहिल्या सुट्टीत. आत्ता सांगितलं तर तिला शाळेत ते लपवावं लागेल. तिला खोटं बोलायला लावायचं नाहीये मला."

"न सांगणं म्हणजे खोटंच की."

"तुझ्या पेपरात," तू म्हणालीस. "घरात नाही."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. फार चांगलं होतं. तेवढ्यात ईरा शाळेतून आली आणि ते द्यायचं राहिलं.

तुम्ही तिघे गेल्यावर घराची किल्ली माझ्याकडे होती. झाडांना पाणी घालायला. सोमवारी दुपारी मागच्या दारापाशी, एसीच्या बाहेरच्या मशीनशेजारी, पहिली पिशवी दिसली. आत तीन बाटल्या, धुतलेल्या, उपड्या. मंगळवारी आणखी दोन पिशव्या होत्या आणि एक खोकं. दुपारच्या उन्हात कंपाउंडमध्ये कुणी बाहेर नसतं, तेव्हा त्या ठेवल्या जात होत्या. कुणी नाव लिहिलं नव्हतं. कुणी मला फोन करून विचारलं नाही. सोनेरी फॉइलचा पट्टा अर्धवट सोडलेल्या बाटल्या सबनीसांच्या होत्या, ते पहिल्यापासून तसंच सोडायचे. आठवडाभरात भिंतीच्या कडेने रांगच लागली. साय धरलेली एकही नव्हती. तुझा नियम इतक्या काटेकोरपणे पूर्वी कुणी पाळला नव्हता.

मग मी माझ्याही नेऊन ठेवल्या. कारण शोधायचा प्रयत्न केला आहे, पण सापडलेलं नाही. रसाची रिकामी धुतलेली बाटली घरात असणं हा कुठलाही गुन्हा नाही. भीतीसाठी तसा आधार नव्हता. घरात नको होत्या, एवढंच. रोज झाडांना पाणी घालताना मी त्या रांगेला वळसा घालून जात होते. त्या उचलून माझ्या गाडीत ठेवायला अर्धा तास लागला असता. तो मी काढला नाही.

पुण्याहून हेमंतचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता. तो बाहेर येऊन बोलला.

"नीता, आतलं ते सगळं काढून टाकशील? ईरा परत यायच्या आत."

"सगळं?"

"सगळं. खलास करून टाक, प्लीज. मला आता ते बघवणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. बाटल्या खोक्यांत नीट उभ्या होत्या, त्यांच्यावर जुना पलंगपोस घातलेला होता, एसी चोवीसवर चालू होता. कोपऱ्यातली प्लास्टिकची बाटली मी दाबून बघितली. दगड. म्हणजे बॅच तयार होती. मी एकेक बाटली खालच्या बाथरूममध्ये ओतली, पंखा लावून, नळ सोडून. बराच वेळ सफरचंदांचा वास येत राहिला. एकही बाटली उतू गेली नाही, एकही वायू गेलेली निघाली नाही, झाकण काढताना सगळ्यांचा आवाज सारखा आला. चव मी घेतली नाही. संध्याकाळची ड्यूटी होती. त्यामुळे तुझी शेवटची बॅच कशी झाली होती, याची माहिती माझ्याकडे नाही आणि आता कुणाकडेच नाही.

त्याच आठवड्यात सबनीसांच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. गाद्या घातल्या होत्या, तुझा दिवाळीतला फोटो होता. लोक एकेक करून बोलले. तुझ्या पुरणपोळ्या, तुझी रांगोळी, गणपतीतले तुझे मोदक. सबनीस म्हणाले, "वहिनींच्या हाताला चव होती. असं काही पुन्हा होणे नाही." त्यांचा आवाज बसला होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांनी नेमकं काय म्हटलं हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं आणि सगळ्यांनी खाली बघितलं. इब्राहिमभाई दाराजवळ बसले होते. निघताना ते मला हळूच म्हणाले, "हुशार बाई व्हती. बाटलीची काच हातात घेऊन सांगायची." सगळ्या सभेत तुझ्या कामाबद्दल बोललेले ते एकटेच.

मी बोलले नाही. मी लिहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी श्रद्धांजलीचा मजकूर माझ्याकडे आला, कारण मी पेपरातली. त्यात मी तुला उत्तम गृहिणी, सुगरण आणि हसतमुख म्हटलं आहे. हसतमुख हा शब्द मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातून काढत आले आहे. तू हसतमुख नव्हतीस. तू बाटली परत आल्यावर हसायचीस, तेही ती स्वच्छ असली तर.

तेरावं उरकून ते दोघे परत आले. मी एअरपोर्टवर गेले होते. घरी आल्यावर ईरा बॅगा टाकून तुझी तुळस बघायला मागच्या दाराने बाहेर गेली आणि लगेच आत आली.

"मावशी, हे काय आहे? हू लेफ्ट ऑल दीज बॉटल्स?"

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर गेले. रांग मला पाठ होती. तरी नव्याने बघत असल्यासारखं बघितलं.

"आई जमवायची," मी म्हणाले. "रिसायकलिंगला. कंपाउंडमधले लोक तिला आणून देत. तिच्यासाठी ठेवून गेले असतील."

"बट दे आर क्लीन." तिने एक उचलली, उजेडात धरली. "कचऱ्यात द्यायच्या बाटल्या कोण धुतं?"

"आई म्हणायची, धुऊनच द्यायच्या."

हे वाक्य खरं होतं. त्याच्या आधारावर बाकीची उभी राहिली. ईरा पायरीवर बसली, बाटली मांडीवर घेऊन, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा रडली, असं हेमंतने नंतर सांगितलं. पुण्यात ती रडली नव्हती. रडता रडता म्हणाली, "शी नेव्हर टोल्ड मी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला बरं वाटत होतं हे मला दिसत होतं, आणि ते माझ्या खोटेपणामुळे वाटत होतं हेही. त्या क्षणी ते मागे घेणं कठीण होतं. पुढच्या क्षणी आणखी कठीण.

तिला आधी काहीच माहीत नव्हतं का, याची मला अजून खात्री नाही. एकाच घरात इतकी वर्षं, जिन्याखाली तो वास. पण मी विचारलेलं नाही, आणि जे विचारलेलं नाही ते लिहिता येत नाही.

ईराने त्या बाटल्या टाकल्या नाहीत. तिने शाळेच्या पर्यावरण क्लबला सांगितलं आणि काच गोळा करायची मोहीम सुरू केली. तुझा फोटो लावून पोस्टर केलं. कंपाउंडमध्ये आणि उम्म सलाल मोहम्मद भागात तिच्या मैत्रिणी राहतात तिथे खोकी ठेवली. लोकांनी सॉसच्या, मधाच्या, लोणच्याच्या बाटल्या आणल्या. शुक्रवारी ती गेटपाशी टेबल मांडून बसते. एका शुक्रवारी मी तिच्याशेजारी होते. ती प्रत्येक बाटली उजेडात धरत होती, तोंडावरून बोट फिरवत होती आणि टवके असलेल्या वेगळ्या काढत होती. भट्टीत जायच्या बाटलीला टवका असला काय आणि नसला काय. मी तिला विचारलं, हे कशाला. "आई असंच करायची," ती म्हणाली. मला उठून घरी जावं लागलं.

उठण्याआधी सबनीस आले होते. हातात पिशवी. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "ईरा, तुझ्या आईचं काम फार मोठं होतं हं. आम्ही सगळे तिच्या शिस्तीत होतो." ईराने त्यांना थँक्यू अंकल म्हटलं. ते गेले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पूर्वी आम्ही दोघं तुझ्यावरून एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचो.

त्या संध्याकाळी मी हेमंतला म्हणाले, ईराला सांगायला हवं.

"काय सांगणार?" तो म्हणाला.

"जे होतं ते. शुभदा सांगणारच होती."

"शुभदा सांगणार होती. ती असती तर तिने ते सांगितलं असतं आणि ईराला ते हसतखेळत पटलं असतं. मला तसं येत नाही. तुला येतं?"

मी माझा कप सिंकमध्ये नेऊन ठेवला.

"आणि उद्या शाळेत तिच्या तोंडून निघालं तर? माझं सोड. तिचं बोर्डाचं वर्ष आहे." मग त्याने त्याचा चहाचा कप फिरवला. "मी तुला ते काढून टाक म्हणालो होतो, नीता. रिसायकलिंग हा शब्द तुझा आहे. मी नव्हता दिला."

हे तपासून बघितलं तर बरोबर आहे. माझी एवढीच बाजू आहे की त्याने मला थांबवलं नाही. ती पुरेशी नाही.

हे मी मराठीत का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. ईराला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. तू तिला शिकवायला बसायचीस आणि ती जोडाक्षरांपाशी पळून जायची, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. मंडळाचा तो मजकूर सोडला तर माझं बाकी सगळं लिखाण आता इंग्रजीत असतं. हे मराठीत आहे. भाषा आठवली म्हणून नाही. तिच्या हाती लागलं तरी तिला ते उलगडणार नाही, म्हणून.

मागच्या आठवड्यात ईराने मला तिचं भाषण पाठवलं. शाळेच्या असेंब्लीत मोहिमेबद्दल बोलायचं होतं, पालकांनाही बोलावलं होतं. वर रोमन लिपीत एक ओळ होती: मावशी, एडिट कर, दयामाया नको. भाषण इंग्रजीत होतं, दीड पानाचं. त्यात एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: माझ्या आईला दोहात नोकरी नव्हती, पण काम होतं, आणि ते ती कुणालाही न सांगता करायची. मी मंडळाच्या अंकात तुझ्याबद्दल जे काही लिहिलं त्या सगळ्यापेक्षा हे वाक्य तुझ्या जास्त जवळचं होतं. त्याच्या पुढच्याच वाक्यात रिसायकलिंग होतं.

डेस्कवर एखाद्या मजकुरात पक्कं नसलेलं काही आलं की आम्ही समासात एक शब्द लिहितो: स्रोत? मी तो तिथे लिहिला. मग बघत बसले. स्रोत मीच होते. तिला फोन करून बोलावता आलं असतं, ती दोन मिनिटांच्या अंतरावर राहते. तुझ्या सिंकपाशी उभं राहून मी तुला कितीतरी वेळा जे सांग म्हणून ऐकवलं, ते तिला सांगायला दहा वाक्यं पुरली असती. मी ती दहा वाक्यं मनात तयारही केली. पहिलं वाक्य बरं होतं. त्यानंतर ती कसा चेहरा करेल ते दिसलं. मग ती उठून पोस्टरवरचा तुझा फोटो काढेल असं वाटलं. किंवा काढणार नाही आणि तो तसाच ठेवून सगळ्यांसमोर जाणूनबुजून खोटं बोलेल, असंही वाटलं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता आलं नाही. तू असतीस तर विचारलं असतं. मी समासातला शब्द पुसला.

दोन स्वल्पविराम आणि एक स्पेलिंग दुरुस्त करून मी भाषण परत पाठवलं.

गुरुवारी सकाळी असेंब्ली झाली. हेमंत आला होता, ऑफिसचा पास गळ्यात तसाच. सबनीस पतिपत्नी आले होते, आणि तुझ्या नियमाखालच्या बाकीच्या घरांतलीही बहुतेक माणसं होती. ईराने भाषण न अडखळता वाचलं. नोकरी आणि कामाच्या वाक्याला तिने थोडं थांबून वर बघितलं. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकेने तिला जवळ घेतलं.

नंतर ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. शाळेच्या आवारात ती माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. त्या दिवशी मराठीत बोलली.

"सगळं बरोबर होतं ना, मावशी?"

मी हो म्हणाले.